नाही म्हणणाऱ्या ओळी

आमच्या घरात कॉम्प्युटरचा पडदा काळवंडला की बायकांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा दादाचा नियम होता. मधोमध एक चौकोन उजेडात राहायचा आणि बाकी सगळा पडदा धुरकटल्यासारखा काळा व्हायचा. या कामाला मालकाची परवानगी लागेल, पासवर्ड टाका, अशा अर्थाचं काहीतरी त्या चौकोनात इंग्रजीत असायचं. वहिनी खुर्चीवरून उठायची, मी हातातलं काम खाली ठेवायची, आणि आम्ही दोघी भिंतीला नाक लावून उभ्या राहायचो. त्या भिंतीला पोपटी ऑइलपेंट होता आणि कॅलेंडरच्या खिळ्याखाली ओल आली होती. ती ओल मला अजून डोळे मिटून काढून दाखवता येईल. मागे दादा खुर्चीत बसायचा, खटखट करायचा आणि मग म्हणायचा, "हां, वला." एकदा आमची आत्या हळदीचं आमंत्रण द्यायला आली होती. तिला अंगठ्यापुढे काही येत नव्हतं, तरी त्याने तिलाही कुंकवाच्या ताटासकट वळवलं. आत्या वळली, आणि भिंतीशी बोलावं तसं म्हणाली, "मना वाटलं देव दाखवतंय." आम्हाला हसू आलं. दादा हसला नाही, म्हणून आमचंही थांबलं.

घर रस्त्याला लागून होतं. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर दिवसभर दारावरून जात, तेव्हा फळीवरची भांडी आपोआप वाजायची. बाबांचा जन्म मिठागरात गेला. त्यांच्या पायांच्या भेगांत मीठ बसलं होतं ते शेवटपर्यंत निघालं नाही. मिठागर बंदरासाठी गेलं आणि त्याच्या मोबदल्याच्या पैशातून दादाने पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ काढला. आमच्याकडची लग्नं मोठी, हळद त्याहून मोठी. फोटो आणि शूटिंगला तोटा नव्हता. पुढे स्टुडिओ, मागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधल्या उंबऱ्याशी पाटा-वरवंटा. माझी जागा तिथे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटायची, म्हणून मला कोणी पुढे बोलावतही नसे. तिथे बसून वाटण वाटता वाटता मला पडदा सरळ दिसायचा. लोकांच्या नवऱ्या, मांडव, हळदीने पिवळे झालेले काका-मामा, सगळे मी तिथूनच पाहिले. आय चुलीवर तांदळाची भाकरी टाकायची, जवळा परतायची, आणि खोबरं, सुकी मिरची, लसूण यांचा वास त्या फोटोंना कायमचा चिकटला आहे. आजही कुठे लग्नाचा अल्बम उघडला की मला जवळ्याचा वास येतो.

वहिनी रोह्याकडची, भातशेतीवाल्या घरची. बारावी झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. दादाने लग्नाआधी तेच पाहिलं होतं, आणि लग्नानंतर तेच त्याच्या डोळ्यांत सलू लागलं. मशीनवर दोन खाती होती. एक दादाचं, त्यातून सगळं करता यायचं. दुसरं स्टुडिओचं, त्यात वहिनी काम करायची, आणि महत्त्वाचं काही आलं की दादाची परवानगी लागायची. मशीन विकणाऱ्याने त्याला ॲडमिन हा शब्द शिकवला आणि तो शब्द आमच्या घरात सगळीकडे फिरू लागला. जेवताना ताटात बोंबलाचा तुकडा लहान आला की तो आयला विचारायचा, "या घरचा ॲडमिन कोन?" आय म्हणायची, "तूच रं बाबा," आणि आपल्या ताटातला तुकडा त्याच्या ताटात टाकायची.

गंमत वाटेल, पण त्या शब्दाला रक्त लागलेलं होतं. अल्बम बनवायचं सॉफ्टवेअर उघडताना दर वेळी परवानगी मागायचं. दादा झोपलेला असला आणि त्याला उठवलं तर उठवलं म्हणून मार. न उठवता वहिनी बसून राहिली तर काम पडलं म्हणून मार. एकदा तिने बाहेरगावी त्याला फोन करून पासवर्ड विचारला. तो परत आला तो चपला न काढताच आत शिरला, माउसची वायर ओढून काढली आणि तिला दोन पदरी करून वहिनीच्या पाठीवर, मानेवर, वर केलेल्या हातांवर मारत राहिला. वायरीच्या टोकाला तो माउस लोंबत होता आणि दर फटक्याला भिंतीवर आपटत होता. आय स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, ती अजून जोरात सूप पाखडू लागली. बाबा उठून अंगणात गेले. ते नेहमी एवढंच म्हणायचे, मशीन त्याची, बायको त्याची. मी वाटत राहिले. माझ्या वाटणात त्या दिवशी पाणी जास्त झालं.

मारून झाल्यावर दादा वायर परत जोडायचा आणि वहिनी परत कामाला बसायची. तिची बोटं फार चपळ होती. कीबोर्डकडे न बघता टाइप करायची, आणि फोटो निवडायला आलेली माणसं फोटो सोडून तिच्या बोटांकडे बघायची. कोणीतरी कौतुक करायचंच. त्या रात्रीच्या जेवणात दादा बोलायचा. पुढेपुढे तो एकच गोष्ट बोलू लागला. ही बोटं एक दिवस पाट्यावर ठेवीन आणि वरवंटा घालीन, मग बघू कोन बघायला येतं. तो हे भाकरी मोडता मोडता, शांतपणे म्हणायचा. वहिनी खाली बघून जेवायची. पण मी पाहिलं होतं, त्यानंतर पाट्याजवळून जाताना ती हात पदरात घ्यायची.

दुपारी घर निवांत असलं की ती मला शिकवायची. चारचौघांत मला वन्सं म्हणायची, एकटी असली की कुंदा. लग्नामागे हजारो फोटो. ते हळद, लग्न, वरात असे वेगळे करायचे, अल्बमसाठी त्यांच्या लहान प्रती काढायच्या, आणि काम संपलं की त्या प्रतींचा पसारा काढून टाकायचा. हे रोज हाताने करण्यापेक्षा तिने एक छोटी फाइल लिहिली होती. ती बॅच फाइल म्हणायची. मला कळेना, तेव्हा म्हणाली, आय कामाला जाताना तुला कामं सांगून जायच्या ना, पाणी भर, मग चूल सारव, मग अंगण झाड, तसंच हे. वरून खाली एकेक ओळ वाचून मशीन ते करतं. फरक एवढाच, की तुला अंगण झाडताना पाळण्यात मूल दिसलं तर तू थांबशील. हे थांबत नाही. त्याला झाड म्हटलं की ते झाडतं.

शेवटची ओळ झाडण्याचीच होती. कामाच्या मोठ्या फोल्डरात जे असेल ते सगळं काढून टाक. मी विचारलं, त्याच फोल्डरात तर मूळ लग्नं आहेत, ती नाही का जाणार? ती हसली. मूळ फोटो दादा स्वतः आपल्या खात्यातून उतरवायचा आणि त्यांना कुलूप असायचं. स्टुडिओच्या खात्यातून ते बघता यायचे, पुसता यायचे नाहीत. म्हणून तिने वेगळं काही लिहिलंच नव्हतं. ती फाइल चालवली की काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायच्या. तिच्या प्रती निमूट जायच्या, आणि दादाच्या प्रत्येक फोटोला मशीन म्हणायचं, परवानगी नाही. परवानगी नाही. परवानगी नाही. ओळीवर ओळ. वहिनी त्या ओळींवर बोट ठेवून म्हणायची, "बघ, नाही म्हणतंय. म्हणजे जागेवर आहे." त्या घरात दादाला नाही म्हणणारं कोणी नव्हतं, आणि त्याची सगळी लग्नं मात्र त्या नाहीवर उभी होती. तिजोरीच्या कुलपाच्या भरवशावर घर उघडं टाकावं तशी ती पद्धत होती. दुसऱ्या कुठल्या घरात कुणी असं केलं नसतं. आमच्याकडे कुलूप इतकं पक्कं होतं, की ते कधी उघडेल असं वाटलंच नाही.

मग एके दिवशी दुपारी नामाशेठ आले. पलीकडच्या गावचे, ट्रेलरवाले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो दादाने काढले होते आणि ते अल्बमचे फोटो निवडायला दोघा भावांना आणि शेठाणीला घेऊन आले होते. शेठाणीची आई धवलारीण होती, लग्नाची गाणी म्हणणारी. नातीच्या हळदीला तीच धवले गायली, आणि महिन्याभरात गेली. तिचा दुसरा फोटो कुठे नव्हता. शेठाणी आल्या आल्या तेवढंच म्हणाली, आधी माझ्या आयचे दाखवा. मी उंबऱ्याशी वाटण वाटत होते. आयने पाहुण्यांसाठी सोड्यांचं कालवण ठेवलं होतं.

डिस्क भरली होती म्हणून फोटो उघडताना अडकत होते. दादा वहिनीवर खेकसला, पसारा काढ. तिने ती फाइल चालवली. काळी खिडकी उघडली आणि ओळी सरकू लागल्या. नामाशेठच्या धाकट्या भावाला थोडं इंग्रजी येत होतं. तो वाकून वाचू लागला आणि हसत म्हणाला, "अरे, हे तं तुना नाय बोलतंय. तुज्याच मशीनवर." दादा म्हणाला, तसं नाही ते. नामाशेठ सुपारी कातरत म्हणाले, "मंग ॲडमिन कोन? बायको?"

सगळे हसले. आत आयसुद्धा हसली असावी, तिला काय झालं ते कळलं नव्हतं. दादाचे कान लाल झाले. त्याने वहिनीला दंडाला धरून खुर्चीवरून उठवलं आणि भिंतीकडे वळवलं. मग त्या फाइलवर उजवीकडचं बटण दाबून तो मोठ्याने, पाहुण्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर. पडदा काळवंडला. माझे हात मिरचीत होते, म्हणून मला कोणी वळायला सांगितलं नाही.

वहिनी भिंतीकडे तोंड करूनच बोलली. तिचा आवाज त्या ओल्या भिंतीवरून परत येत होता. "नको. तसं चालवू नका. त्या ओळी असू द्या. सगळं जाईल."

"गप," दादा म्हणाला. त्याने पासवर्ड टाकला आणि होय दाबलं.

या वेळी एकही ओळ नाही म्हणाली नाही. नावं वर सरकत गेली, एकामागून एक, आणि कुठेच अडली नाहीत. मग खिडकी मिटली. दादा पाहुण्यांकडे वळून म्हणाला, बघितलंत? आणि त्याने लग्नाचा फोल्डर उघडला. आत पांढरं होतं. त्याने दुसरा उघडला. तोही पांढरा. त्या हंगामातली सगळी लग्नं गेली होती, आणि कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नांसाठी केव्हाच रिकामी केलेली होती. शेठाणीने विचारलं, "माजी आय कुठं हाय?" 

वहिनी वळली होती. ती घाईघाईने सांगू लागली, मशीन आत्ताच्या आत्ता बंद करा, त्यावर काही लिहू नका, पनवेलला नेलं तर परत काढून देतात. तिचं पूर्ण झालं नाही. नामाशेठने दादाची कॉलर धरून त्याच्या तोंडात मारली. ओठ फुटला. दादाने हाताने रक्त पुसलं, हाताकडे बघितलं, आणि सगळ्यांना सांगितलं, हिनं केलं, फाइल हिनं लिहिली. मग त्याने टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याला लाथ घातली. डबा भिंतीवर आदळला. त्याने तो उचलून जमिनीवर आपटला, परत उचलला, परत आपटला. आतून काहीतरी सुटं होऊन खुळखुळू लागलं. पनवेलला न्यायचं होतं ते तिथेच संपलं. युपीएस कोपऱ्यात पीं पीं करत राहिला आणि तो बंद करायला कोणी उठलं नाही.

मग त्याने वहिनीचे केस धरले आणि तिला ओढत उंबऱ्याशी आणलं. तिचं डोकं चौकटीवर आपटलं. मला त्याने पायाने बाजूला ढकललं आणि माझ्या हातातला वरवंटा घेतला. त्याला लाल वाटण लागलेलं होतं, ते त्याच्या मनगटावरून ओघळलं. गुडघा तिच्या पाठीवर टेकवून त्याने तिचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला. पाहुण्यांकडे बघत म्हणाला, "बघा. जिनं केलं तिला शिक्षा." तीन पुरुष उभे होते. बाबा दारात होते, त्यांच्या हातात चपला होत्या. कोणी जागचं हललं नाही. वहिनी ओरडलीही नाही. तिने बोटं मुडपून मूठ केली होती आणि तो ती उघडत होता.

मी म्हटलं, "वहिनी नको बोलली होती. होय तू दाबलंस."

माझा आवाज त्या खोलीत कोणी ऐकलेला नव्हता. दादाने माझ्याकडे बघितलं, जणू पाटा बोलला. मग त्याने वरवंटा उचलला. माझा हात केव्हा पुढे गेला ते मला आठवत नाही. तिच्या बोटांवर माझा तळवा पसरलेला दिसला, त्याच्यावर मिरचीच्या बिया होत्या, आणि दगड खाली आला. आवाज अगदी लहान झाला. सुकी काटकी मोडावी तेवढाच. आधी दुखलं नाही. आधी तिखट लागलं, फुटलेल्या कातड्यात ते वाटण शिरलं आणि हात चुलीत घातल्यासारखा पेटला. मी हात काढला नाही. दादाने वरवंटा पुन्हा उचलला.

तो खाली आला नाही, कारण शेठाणीने वरच्या वर धरला होता. थोराड बाई, शेतात राबलेली. तिने दुसऱ्या हाताने दादाची मान मागून धरली. "टाक," ती म्हणाली. "टाक खाली, नायतं याच दगडानं तुजं डोकं वाटीन. आय मेली तवा रडली नाय मी. आज मना कुठं तरी राग काढायचा हाय." त्याने टाकला. तो घरंगळत चुलीपर्यंत गेला. मग ती आपल्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "गाडी काढा. उभे काय ऱ्हायले मांडवात ऱ्हायल्यागत."

गाडीत वहिनी माझ्या हातावर फुंकर घालत होती. कपाळाचं रक्त तिच्या डोळ्यात येत होतं, ते ती पुसत नव्हती. उरणला दवाखान्यात त्यांनी आधी माझी जखम धुतली. धुताना पाणी लाल आलं, आणि नर्स म्हणाली, रक्त किती गं. मी म्हटलं, मिरची आहे. का कोण जाणे, आम्ही दोघी हसलो आणि थांबेचना.

प्लास्टर झाल्यावर शेठाणी माझ्याजवळ बाकावर बसली. बराच वेळ ती पदराचं टोक पिळत होती. मग तिने विचारलं, मी तिथे रोज बसायची, तर तिच्या आयचे फोटो मी पाहिले होते का. मी पाहिले होते. मी तिला सांगितले. एकात म्हातारी पाटावर बसली आहे, एक गुडघा वर, हळदीचा हात त्या गुडघ्यावर, आणि पिवळा ठसा लुगड्यावर उमटलाय. एकात गाताना तोंड उघडं आहे, खालचा एकच दात दिसतो आणि शेजारची पोर त्या दाताकडे बघते आहे. एकात ती मांडवाबाहेर एकटी तंबाखू मळते आहे आणि कॅमेरा दिसताच रागावली आहे. शेठाणी म्हणाली, "रागावलीच असंल." मी इतकं सलग आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते. तिने आणखी विचारलं आणि मी आणखी सांगितलं, फोटो संपेपर्यंत.

संध्याकाळी आय आली, डब्यात भाकरी आणि तेच सोड्यांचं कालवण घेऊन. वहिनीच्या भावाला निरोप गेला होता, तो रोह्याहून निघाला होता. वहिनी आता परत येणार नव्हती, हे कोणी न सांगता कळत होतं. तिने मला विचारलं, "येतेस?" मी आयकडे बघितलं. आय मला डाव्या बाजूने घास भरवत होती. तिने डबा पुसला, झाकण लावलं, आणि म्हणाली, "जा. मी हाय तिथं." तिच्यासाठी मी थांबायला हवं होतं का, हा प्रश्न मी इतकी वर्षं फिरवत आले आहे. उत्तर तिनेच दिलं होतं, तेव्हा तो प्रश्न विचारायचा मला अधिकार नाही. आय वारली तेव्हा मी त्या घरी गेले होते. दादा अंगणात होता, म्हातारा दिसत होता, कोणाचा तरी टेम्पो चालवतो म्हणे. मी त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याने तोंड भिंतीकडे केलं.

आता माझ्या कानांवरचे केस पिकलेत. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. हे मी डाव्या हाताने लिहिते आहे, दुकानात गिऱ्हाईक नसतं त्या वेळात, आणि कोणाला दाखवायचं नाही. दुकान वहिनीचं आहे, फॉर्म भरायचं, झेरॉक्सचं, फोटोचं. मी तिला अजून वहिनीच म्हणते, नातं मोडलं तरी. तिची बोटं तितकीच चपळ आहेत. दुकान काढलं तेव्हा ती म्हणाली होती, दोघींच्या खात्यांना सगळे अधिकार देऊ. मी माझ्यासाठी साधं खातं मागून घेतलं, मध्ये थांबून विचारणारं काहीतरी असावं म्हणून. ॲडमिनचा पासवर्ड तिने मला मोठ्याने सांगितला, गिऱ्हाइकासमोरच, मग कपाळाला हात लावला आणि बदलून पुन्हा सांगितला.

कधी कोणी पेनड्राइव्ह आणतं, त्यात काहीतरी असतं, आणि पडदा काळवंडतो. माझं तोंड अजून भिंतीकडे वळू बघतं. वहिनी पलीकडच्या खुर्चीवरून, आपलं टाइप करणं न थांबवता विचारते, "काय म्हणतंय?" मी एकेक अक्षर लावून वाचते. कोणीतरी अनोळखी तुमच्या मशीनमध्ये बदल करू मागतंय, चालेल का?

"मग तू काय म्हणतेस?"

मी नाही दाबते. पडदा उजळतो. ती टाइप करत राहते.